दोन बोटं कमी

आमच्या ओळखीच्या दोन भावांतले धाकटे दुकानात आले तेव्हा त्यांनी ते उशीच्या अभ्र्यात गुंडाळून आणलं होतं, आणि अभ्रा असा छातीशी धरला होता की मला वाटलं, आत मांजराचं पिल्लू आहे. आमच्याकडे लोक काहीही दुरुस्तीला आणतात, पण मांजर अजून कोणी आणलेलं नाही. आम्ही खोगीरवाले. समोरच घोडेस्वारीची शाळा आहे, तिथली खोगिरं, लगाम, तंग सगळं आमच्याकडे येतं, आणि मधल्या वेळात लोकांच्या बॅगा नि कुत्र्यांचे गळपट्टे. दुकान सासऱ्यांचं, म्हणजे मामंजींचं. त्यांच्या मुलाला कातड्याच्या वासाने शिंका येतात, म्हणून त्यांनी सगळं काम मला शिकवलं. शिंकांची गोष्ट लग्न ठरताना मला कोणी सांगितली नव्हती. पण नवरा स्वयंपाक चांगला करतो, तेव्हा मी ते प्रकरण वाढवलं नाही.

मामंजी आता स्वतः शिवत नाहीत. खिडकीपाशी खुर्ची टाकून बसतात आणि माझ्या शिवणीला नावं ठेवतात.

"ताई, हे जरा बघा," धाकटे म्हणाले आणि अभ्रा टेबलावर उलटा केला.

आतून एक जुनं, काळपट तपकिरी होल्स्टर बाहेर आलं. कमरेला लावायचं नव्हे, खांद्यावरचं. बगलेखाली रिव्हॉल्व्हरची खोळ, खांद्यावरून जाणारा फास, आणि बरगड्यांच्या खालून अंगाभोवती गुंडाळून पुढे बकलात अडकवायचा एक लांब पट्टा. वरून कोट घातला की कोणाला पत्ता लागत नाही.

"कोणाला मारायचंय?" मी विचारलं.

"मला गुप्तहेर करायचाय," ते म्हणाले आणि कानापर्यंत लाल झाले.

आमच्या भागात हौशी लोकांची एक नाटकमंडळी आहे. तिथे हे दोन भाऊ, थोरले आणि धाकटे. थोरले उंच, वाळके, आवाज असा की शेवटच्या रांगेतला झोपलेला माणूस जागा व्हावा. मंडळीच्या रहस्यनाटकात गुप्तहेर कायम त्यांचाच. धाकटे पाणीखात्यात मीटर वाचून निवृत्त झाले, गोल, मऊ, हसरे. त्यांनी आयुष्यभर नोकर केले, ट्रे घेऊन येणारे, निरोप सांगून जाणारे. आणि प्रेतं. प्रेताच्या कामात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. अख्खा अंक पोट हलू न देता पडून राहायचे. एकदा पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी घाबरून डॉक्टर बोलवायला सांगितला होता.

यंदा मात्र थोरल्यांना संवाद लक्षात राहीनात. तालमीत खुन्याचं नाव पहिल्याच अंकात सांगून मोकळे झाले, तेही दोनदा. दिग्दर्शकाने हात टेकले आणि गुप्तहेर धाकट्यांना दिला.

"दादा काय म्हणाले?" मी विचारलं.

"आठवडाभर काहीच म्हणाला नाही. मग वहिनीने फार लावून धरलं तेव्हा हे काढून दिलं. म्हणाला, गुप्तहेर करायचा तर यातच कर, नाहीतर करू नकोस. पण एक टाका जरी उसवला, तर मी नाटकाला पाऊल टाकणार नाही." धाकट्यांनी अभ्र्याची घडी घातली, मग मोडली, मग पुन्हा घातली. "ताई, नाटक पडलं तरी चालेल मला. पण दादा समोर नसेल तर मी कोणासाठी करू? आजवर प्रत्येक वेळी मी मागे ट्रे घेऊन उभा होतो आणि तो पुढे होता. यंदा मी पुढे असणार. ते त्याने बघायला हवं."

मी होल्स्टर त्यांच्या अंगावर चढवलं. पट्टा बकलापर्यंत पोचायला चांगला वीतभर कमी पडत होता.

"हं," खिडकीतून मामंजी म्हणाले. त्यांचं हं म्हणजे इकडे आणा.

मी ते त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी आधी वास घेतला. मग खोळ उघडून आत बोट घातलं. आत कातड्याच्या दोन थरांमध्ये पोलादी कमान होती, रिव्हॉल्व्हर घट्ट धरून ठेवावं आणि पुढे ओढलं की सुटावं म्हणून. मग अंगठ्याने शिवण चाचपली, अगदी सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"दादा म्हणतो, एका खऱ्याखुऱ्या गुप्तहेराचं आहे," धाकटे म्हणाले. "त्याने निवृत्त होताना स्वतःच्या हाताने दादाला दिलं. तेव्हापासून सुई लागलेली नाही त्याला."

"शंखजिरं आण गं," मामंजी मला म्हणाले.

मी शंखजिऱ्याची डबी दिली. त्यांनी खोळीच्या मागच्या बाजूला चिमूटभर पूड चोळली आणि फुंकर मारली. झिजलेल्या छापाच्या खाचेत पांढरं राहिलं: घोड्याच्या नालाचा अर्धा आकार आणि खाली कोणाच्या तरी नावाची दोन-तीन अक्षरं. नाव काही लागलं नाही. पण नाल बघून मामंजींचा चेहरा असा फुलला, जसा काही लांबचा मावसभाऊ भेटला.

"खोगीरवाल्याचं काम आहे," ते म्हणाले. "बघ, एकाच भोकातून दोन सुया, दोन्ही बाजूंनी. मेण लावलेला दोरा. पोलिसांना सरकार जे घाऊक वाटतं त्यातलं नाही हे. कोणीतरी मापाने करून घेतलंय. माझ्या वडिलांच्या उमेदीतलं असेल."

"कोणाच्या मापाने?" मी विचारलं.

"जाड्याच्या," मामंजी म्हणाले. त्यांना आडपडदा ठाऊक नाही. "हे शेवटचं भोक बघ. बाकीची नवीनासारखी आहेत, हे एकटं लांबट झालंय. म्हणजे माणूस कायम शेवटच्या भोकात बांधायचा. आणि उजव्या हाताचा होता, खोळीचं तोंड तसं घासलंय."

"पण मग पट्टा एवढा आखूड कसा? दादाला तो अगदी बरोबर बसतो," धाकटे म्हणाले.

ते मला आधीच दिसलं होतं, फक्त मामंजींच्या आधी बोलले असते तर दिवसभर टोमणे ऐकावे लागले असते. पाठीवर येणारा पट्ट्याचा भाग इतर ठिकाणापेक्षा जाड होता. मी तो उलटा करून दाखवला. पट्टा दुमडून, त्याची तिहेरी घडी घालून वरून शिवून टाकला होता. आणि तो दोरा चकचकीत, नायलॉनचा. मामंजींच्या वडिलांच्या उमेदीत नायलॉन कुठला!

"ही घडी मागाहून घातली आहे," मी म्हणाले. "कोणीतरी बारीक माणसाला बसावं म्हणून. ही उसवली की तुम्हाला नीट होईल. मूळच्या एकाही टाक्याला हात लावायला नको."

धाकटे त्या घडीकडे बघत राहिले. सुई लागलेली नाही असं दादा इतकी वर्षं सांगत होता, आणि ही समोर लागलेली सुई. त्यांना ते मुळीच आवडलं नाही, पण दादाला खोटं म्हणायला जीभही रेटेना.

"तुमचं तुम्ही ठरवा," मी म्हणाले. "मी तशीच परत द्यायलाही तयार आहे."

समोरच्या शाळेत एक घोडा अडून बसला होता आणि शिकवणारा मास्तर त्याची मनधरणी करत होता, तेवढंच ऐकू येत होतं.

"उसवा," धाकटे म्हणाले.

मी उसवलं. आणि घडी उलगडली तशी मी ती उजेडात धरली. इतकी वर्षं दुमडून राहिलेलं कातडं दोन्ही मोडींवर वाळून तडकलं होतं. बोटाने जरा वाकवलं तर खारी बिस्किटासारखा तुकडा पडला. असा पट्टा अंगावर बांधून स्टेजवर कोणी जोरात वळलं असतं तर रिव्हॉल्व्हर थेट वादकांच्या मांडीवर गेलं असतं. तडकलेला भाग कापून टाकायचा, दोन्ही कडा तासून पातळ करायच्या, एकावर एक चढवून शिवायचं, याला दुसरा इलाज नव्हता. लांबी तेवढी कमी होणार होती, पण घडीत भरपूर कातडं होतं. फक्त माप बिनचूक हवं.

"सरळ उभे राहा," मी म्हणाले आणि टेप घेऊन त्यांच्या मागे गेले.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगते. घोडा लबाड असतो. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळायला घेतला की तो छातीभर श्वास घेऊन पोट फुगवतो आणि तसाच साळसूदपणे उभा राहतो. आपण तंग बांधून निघालो की श्वास सोडतो, तंग ढिला पडतो आणि थोड्या वेळाने खोगिरासकट आपण त्याच्या पोटाखाली. म्हणून माप घेतलं की दोन बोटं कमी करायची. मामंजींनी मला हे पहिल्याच महिन्यात शिकवलं आणि आता ते माझ्या हातात इतकं बसलंय की डोक्याला कळवावंही लागत नाही.

"दोन बोटं कमी केलीस का?" खिडकीतून मामंजी.

"केली."

"मग ठीक."

मी कापलं. आणि नुसतं कापलं नाही, तर त्या पहिल्या जाड्या माणसाच्या लांबट झालेल्या शेवटच्या भोकातच बक्कल बसावं असं मोजून कापलं. त्यात काय होतं म्हणाल तर नुसती हौस. त्या भोकाला पुन्हा त्याच्यासारखा माणूस मिळावा असं मला वाटलं. जोड असा साधला की बोट फिरवलं तरी कळू नये. दोरा दोन सुयांनी घातला, मेण लावून, रंग देऊन, चोळून. मामंजींनी अंगठा फिरवला आणि काहीच नावं ठेवली नाहीत. त्या रात्री मी नवऱ्याला दोनदा सांगितलं की आज त्यांनी नावं ठेवली नाहीत.

शनिवारी सकाळी धाकटे अंगावर घालून बघायला आले. मागोमाग दारात थोरले.

"मी बोलावलं नव्हतं," धाकटे माझ्या कानाशी कुजबुजले. "घरून माझ्या मागे मागे आला."

थोरले आत आले, पण बसले नाहीत. काठी टेबलाला टेकवली आणि हात मागे बांधून भिंतीवरच्या लगामांची पाहणी केली, जणू काही दुकान विकत घ्यायचंय. "आपलं काम चालू द्या, बाई," ते मला म्हणाले. "मी फक्त वाटेत होतो."

मी होल्स्टर चढवलं. फास खांद्यावर, खोळ बगलेखाली, पट्टा पाठीमागून फिरवून पुढे. बक्कल त्या शेवटच्या भोकात अगदी अलगद बसलं. इतकं छान दिसलं की मीच दोन पावलं मागे सरून बघत राहिले. धाकटे ताठ उभे होते. थोरल्यांनी त्यांच्याभोवती एक चक्कर मारली. पाठीवरचा जोड त्यांना दिसला नाही. दिसू नये असाच तर केला होता.

"बरं आहे," थोरले म्हणाले. त्यांच्याकडून हे म्हणजे खूप झालं. धाकट्यांचे डोळे चमकले. "आता बोल. तिसऱ्या अंकातलं. सगळ्यांना खोलीत कोंडतोस ते."

धाकट्यांनी हात पुढे केला. "मंडळी, या खोलीतून कोणीही..."

आणि थांबले.

"कोणीही काय?"

"या खोलीतून कोणीही बाहेर जाणार..." पुढे फक्त तोंड हललं.

"जाणार की नाही ते सांग ना बाबा," थोरले म्हणाले. "लोक निघून जातील घरी."

तिसऱ्यांदा धाकट्यांनी सुरुवात केली तेव्हा आवाज बासरीसारखा निघाला आणि चेहरा बिटासारखा झाला. थोरल्यांनी काठी उचलली. त्यांना आनंद झाला असेल असं मला वाटलं होतं, पण झाला नव्हता. त्यांचा चेहरा पडला होता.

"मी म्हणत होतो," ते खालच्या आवाजात म्हणाले. "एवढी मोठी वाक्यं याच्या छातीला पेलायची नाहीत. इतकी वर्षं 'चहा आणलाय साहेब' म्हटल्यावर आणखी काय होणार. मी दिग्दर्शकाला सांगतो. अजून वेळ आहे, कोणीतरी दुसरा बघतील."

धाकटे खाली बघत उभे राहिले, आणि त्यांना ते पटलंय हे मला स्पष्ट दिसलं. त्यांच्या शर्टावर पट्ट्याच्या वर आणि खाली मांस असं फुगून आलं होतं, जसं काही कोणी उशीला मधोमध सुतळी बांधली आहे. हा माणूस श्वास घेऊ शकत नव्हता, एवढंच. अभिनयाचा काही संबंधच नव्हता.

मी गप्प बसले असते तर खापर त्यांच्या छातीवर फुटलं असतं आणि माझा जोड कोणाला कळलाही नसता. पण मला राग आला. कोणाचा ते तेव्हा मला कळलं नाही, बहुधा सगळ्यांचा.

"त्यांच्या छातीला काही झालेलं नाही," मी बकलाला हात घालत म्हणाले. "पट्टा आखूड झालाय. मी आखूड केलाय. घडी उसवली, तडकलेलं कापलं आणि चुकीच्या मापाने जोडलं. जे काय बोलायचं ते मला बोला."

बक्कल सुटलं आणि धाकट्यांनी एवढा मोठा श्वास घेतला की टेबलावरचे कागद हलले.

थोरल्यांनी होल्स्टर हातात घेतलं. पट्टा उलटा केला. त्यांचं बोट जोडावर जाऊन थांबलं.

"माप मी समोर बसून बघितलं," मामंजी खिडकीतून म्हणाले. "मापात चूक नव्हती. सूनबाई, तू टेप लावलीस तेव्हा हे काय करत होते?"

"मी मागे होते. मला काय दिसणार?"

"मला दिसत होतं, पण माझं लक्ष तुझ्या हाताकडे." मामंजी धाकट्यांकडे वळले. "माप घेताना पोट आत घेतलं होतंत का हो?"

धाकटे चपापले. "थोडंसं."

"किती थोडंसं?"

"जेवढं जातं तेवढं," ते म्हणाले. "सगळा श्वास सोडून. मला ते जमतं. प्रेताची सवय."

मामंजींनी डोक्याला हात लावला आणि मग हसायलाच लागले. हसता हसता खोकले, खोकता खोकता पुन्हा हसले. "घोडा फुगतो म्हणून हिने दोन बोटं कमी केली," ते थोरल्यांना म्हणाले, "आणि तुमचे बंधू आधीच आकसून उभे! अहो, आमच्या दुकानात पोट आत घेणारं गिऱ्हाईक आलंच नव्हतं कधी. एकही घोडा असा लाजत नाही."

मलाही हसू फुटलं. कितीही आवरलं तरी आवरेना. धाकट्यांनी माझ्याकडे बघितलं आणि तेही हसायला लागले, पण लगेच थोरल्यांचा चेहरा बघून थांबले.

थोरले हसत नव्हते. ते खुर्चीवर बसले. होल्स्टर मांडीवर, हात त्या जोडावर.

"पोट कशाला आत घेतलंस?" त्यांनी विचारलं.

"सवय आहे, दादा."

"कसली सवय?"

धाकटे शर्टाची बटणं लावू लागले. "तूच म्हणायचास. विंगेत. पोट आत घे, माझ्या मागे मावत नाहीस. मग घ्यायचो. मग ते... म्हणजे कोणी बघत असलं की आपोआप जातं आता."

हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही. विचारलं म्हणून सांगितलं. म्हणूनच ते ऐकून मला फार वाईट वाटलं.

थोरले बराच वेळ पट्ट्यावरून अंगठा फिरवत राहिले.

"ती घडी मी घातली," ते शेवटी म्हणाले. "थिएटरबाहेर एक चप्पल शिवणारा बसायचा, त्याच्याकडून. अंगावर घातलं तर गुडघ्यापर्यंत लोंबायचं ते. पहिल्यांदा गुप्तहेर करत होतो, लोक हसले असते. म्हणून घडी घालून घेतली आणि कोणाला सांगितलं नाही. माझ्या मापाचं ते कधी नव्हतंच." मग धाकट्यांकडे बघून म्हणाले, "तुझ्या मापाचं होतं."

"आणि तो गुप्तहेर?" धाकट्यांनी विचारलं.

"जुन्या बाजारात घेतलं. विकणारा जरा गुप्तहेरासारखा दिसायचा."

मामंजी पुन्हा खोकायला लागले.

"बाई," थोरले मला म्हणाले, आणि आता तो स्टेजवरचा आवाज नव्हता, "हे नीट होईल का?"

"होईल, पण जोडायला तुकडा लागेल. तडकलेला भाग गेला कचऱ्यात. आणि नवं कातडं लावलं तर वेगळं दिसेल, शिवाय ते ताणतं. जुनं हवं. एवढ्याच जाडीचं, वर्षानुवर्षं अंगावर वापरलेलं." मी फळीवरचे तुकडे चाळले. सगळे घोड्यांचे, जाडजूड. "असं सहज मिळत नाही."

थोरले उभे राहिले, कोट बाजूला केला आणि कमरेचा पट्टा सोडायला लागले.

"दादा, काय करतोस?"

"गप्प बस. हा मी पहिल्या पगारातून घेतलाय. बघा बाई, चालेल का."

मी हातात घेतला. रंग जवळजवळ तोच, जाडी तीच, आणि वापरून वापरून इतका लवचिक की बोटाभोवती गुंडाळला गेला. भोकांचं टोक तसंच्या तसं वापरता येणार होतं, फक्त कडेने रुंदी थोडी उतरवायची. पण पट्टा काढल्यावर वाळक्या माणसाची पँट जिथे जाते तिथे ती जायला निघाली होती, आणि थोरल्यांनी ती एका हाताने वेळेवर पकडली.

"आता माप घ्या," ते म्हणाले. "नाही, थांबा. टेप माझ्याकडे द्या."

"तुमचा एक हात अडकलाय," मी म्हणाले.

"मग एक टोक तुम्ही धरा."

मी मागून टोक धरलं. थोरले एका हाताने पँट आणि दुसऱ्या हाताने टेप धरून धाकट्यांच्या समोर उभे राहिले. धाकट्यांचं पोट टेप बघताच आत गेलं. दारातून मांजर पळावं तसं गेलं.

"सोड," थोरले म्हणाले.

"सोडलंय."

"मला शिकवू नकोस. सोड पोट." थोरल्यांनी टेपसकट मूठ त्यांच्या पोटावर ठेवली. "आता श्वास घे. आणखी. अरे, मोठा घे. तिसऱ्या अंकातलं म्हण, माप चालू असतानाच म्हण."

धाकट्यांनी श्वास घेतला. टेप माझ्या बोटांतून सरकत गेली, आणि मी ती सरकू दिली. "मंडळी, या खोलीतून कोणीही बाहेर जाणार नाही," ते म्हणाले, "जोवर मला कळत नाही की माझ्या मित्राचा जीव घेऊन याच टेबलावर बसून चहा कोण प्यायलं." आणि तो आवाज दुकानातून बाहेर रस्त्यावर गेला. समोरच्या शाळेतल्या मास्तराने वळून बघितलं.

थोरल्यांचे डोळे भरून आले. पुसायला हात नव्हता, दोन्ही कामात होते. त्यांनी तसेच वाहू दिले.

"दोन बोटं कमी करू?" मी विचारलं.

"दोन बोटं जास्त करा," ते म्हणाले.

दुरुस्ती होईपर्यंत त्यांना बांधायला मी एक लगामाची वादी देत होते, पण ती त्यांनी घेतली नाही. म्हणाले, घोड्याचं सामान घालून मी घरी जाणार नाही. तसेच निघाले, पँट धरून. रस्त्यात ओळखीची माणसं भेटत होती आणि नमस्कार करत होती. थोरल्यांना नमस्काराला दुसरा हात मोकळा करायचा तर काठी सोडावी लागत होती. शेवटी धाकट्यांनी काठी घेतली, आणि थोरले नमस्कार करत, भाऊ काठी सांभाळत, असे दोघे कोपऱ्यावरून दिसेनासे झाले.

प्रयोग दोन आठवड्यांनी, रविवारी दुपारी झाला. मी आणि मामंजी गेलो, नवराही आला. होल्स्टर लांब असल्याने शिंकला नाही. थोरले पहिल्या रांगेत मधोमध बसले होते, नव्या पट्ट्यात, वहिनी शेजारी. तिसऱ्या अंकात धाकट्यांनी कोट काढून खुर्चीवर टाकला आणि बगलेखालची खोळ सगळ्यांना दिसली तेव्हा प्रेक्षकांत कुजबुज झाली. मग ते वाक्य आलं. शेवटच्या रांगेपर्यंत गेलं, आणि त्यानंतर खरोखरच कोणी बाहेर गेलं नाही.

पडदा पडल्यावर आम्ही सगळे आत गेलो. लोक धाकट्यांना मिठ्या मारत होते, पाठ थोपटत होते, पण त्यांचं लक्ष दाराकडे. थोरले आले तशी गर्दी आपोआप बाजूला झाली. आता ते काय म्हणतात ते ऐकायला दिग्दर्शकसुद्धा हातातला चहा न पिता उभा राहिला.

थोरले धाकट्यांसमोर उभे राहिले, होल्स्टरच्या पट्ट्याखाली दोन बोटं घालून बघितली आणि कपाळाला आठी घातली. मग बक्कल सोडलं आणि स्वतःच्या जुन्या पट्ट्याच्या, तिथे जोडलेल्या टोकावरच्या पुढच्या भोकात, एक भोक सैल करून, पुन्हा लावलं.

"दुसऱ्या अंकात आवळत होतं," ते म्हणाले. "पुढच्या प्रयोगाला असंच लाव."